स्ट्रोकचं इंजेक्शन द्यायला इमर्जन्सीवाले का कचरतात?

चौकसबुद्धी: काकांना स्ट्रोक आला, दीड तासात कॅज्युअल्टीत पोचवलं, सीटी स्कॅनमध्ये मेंदूत ब्लीड (रक्तस्राव) नाही हे पण कळलं, तरी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लगेच देईनात, न्यूरोवाल्यांना फोनाफोनी चालू. शेवटी दिलं. पण मिनिटामिनिटाला मेंदू मरतो म्हणतात ना, मग हात का आखडता? घाबरतात की औषधावर विश्वासच नाही?

रातपाळी: ईआरमध्येच, म्हणजे इमर्जन्सीतच असतो मी, दोन्ही आहे. १९९५ च्या एनआयएनडीएस नावाच्या अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये ६२४ पेशंट, ३ तासांच्या आत अल्टेप्लेस (हेच ते गुठळी विरघळवायचं इंजेक्शन), आणि ३ महिन्यांनी जवळपास धडधाकट असण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी जास्त. मृत्यू वाढले नाहीत. पण त्रास देणारं मेंदूतलं ब्लीड ६.४ टक्के, औषध न दिलेल्यांत ०.६. आता सुधारलेला पेशंट चालत जातो न्यूरोच्या ओपीडीत, आम्हाला दिसतच नाही. ब्लीड झालेला मात्र आमच्याच बेडवर बोलता बोलता बेशुद्ध होतो, एकदा बघितलं की पुढच्या वेळी सिरिंज जड होते.

शंकासुर: नुसती भीती नाही हो. त्याच ट्रायलमध्ये ९१ ते १८० मिनिटांच्या गटात औषधवाल्यांकडे सौम्य स्ट्रोक जास्त होते, म्हणजे ते तसेही जास्त बरे झाले असते, त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली. परत हिशोब केला तरी फायदा टिकला हेही खरं, पण संशय बसला तो बसला. २००५ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या सर्व्हेत ४० टक्के इमर्जन्सी डॉक्टर म्हणाले की सगळी सोय असली तरी बहुधा देणार नाही. आणि त्यांच्याच संघटनेने, म्हणजे एसीईपीने, २०१२ ला दिलेली ए लेव्हलची, म्हणजे सगळ्यात भक्कम शिफारस २०१५ ला एक पायरी खाली, बी वर आणली.

रातपाळी: सर्व्हे जुना झाला की राव, आता एवढा विरोध मला तरी दिसत नाही. माझ्या मते न्यूरोवाला लाइनवर असला की निम्मी धाकधूक जाते. आणि @चौकसबुद्धी, प्रत्येक उशीर म्हणजे टाळाटाळ नसते. शुगर बघावी लागते कारण शुगर पडली तरी हुबेहूब स्ट्रोकसारखं दिसतं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, आणि बीपी १८५/११० च्या खाली आल्याशिवाय इंजेक्शन देता येत नाही.

चौकसबुद्धी: बीपी २०० च्या वर होतं त्यांचं! हे तिथे कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर मी काउंटरवर एवढा आरडाओरडा केला नसता.