मदत हवी आहे: जेरुसलेमच्या मंदिरातला दीपवृक्ष शेवटी गेला कुठे?

इ.स. ७० मध्ये रोमनांनी लुटलेला सात फाट्यांचा सोन्याचा दीपवृक्ष, म्हणजे मेनोरा. रोममधल्या टायटसच्या विजयकमानीवर तो खांद्यावर वाहून नेणारी माणसं कोरलीत. त्या काळचा ज्यू इतिहासकार जोसेफस म्हणतो, मंदिरातली सोन्याची पात्रं सम्राट व्हेस्पासियनने रोमच्या शांतिमंदिरात ठेवली. ४५५ मध्ये व्हँडल या जर्मानिक टोळीने रोम लुटलं आणि लूट उत्तर आफ्रिकेतल्या आपल्या राजधानीत, कार्थेजला नेली. पुढे बायझंटाइन सेनापती बेलिसारियसने कार्थेजहून आणलेला 'यहुद्यांचा खजिना' सम्राट जस्टिनियनने अपशकुनाच्या धास्तीने जेरुसलेमच्या चर्चना पाठवला, असं त्याच काळातला इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. पण दीपवृक्षाचं नाव काही तो घेत नाही! जोसेफस आणि प्रोकोपियस दोघांची इंग्रजी भाषांतरं वाचून झालीत. व्हॅटिकनच्या तळघराच्या कथा नकोत, कराराच्या कोशाचंही (दहा आज्ञांच्या पेटीचं) नको, तो विषय वेगळा. ६१४ च्या इराणी हल्ल्यापर्यंतच्या एखाद्या ग्रीक किंवा सिरियाक लेखनात हा दीपवृक्ष नावानिशी येतो का?