नाताळाआधीची संध्याकाळ: जुना अमेरिकन विनोदी चित्रपट आणि सोबत संगीत, काय लावावं?

अंगतपंगत: न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या मराठी ज्येष्ठांना डिसेंबरात घरी बोलावतोय. हाताशी अडीच तास. आधी अमेरिकन संगीतकारांचं थोडं काही, मग नाताळाचा एक जुना चित्रपट. जो तो 'इट्स अ वंडरफुल लाइफ'च सुचवतो. दुसरं काय? टीव्ही ५५ इंची, साउंडबार आहे.

रीळवेडी: तो (१९४६) थोरच आहे, पण १३० मिनिटांचा, आणि बराच वेळ माणूस निराशेच्या गर्तेत. हसायचं असेल तर 'ख्रिसमस इन कनेक्टिकट' (१९४५) लावा. बार्बरा स्टॅनविक मासिकात पाककृतींचं सदर लिहिते. शेतावरचं घर, नवरा, बाळ असं सगळं रंगवते. प्रत्यक्षात न्यूयॉर्कमध्ये एकटी राहते, स्वयंपाकाचा गंध नाही. आणि मासिकाचा मालक नाताळाला तिच्या घरी यायचं ठरवतो! मालक झालाय सिडनी ग्रीनस्ट्रीट, एरवीचा धिप्पाड खलनायक. पॅनकेक हवेत उलटवायचा प्रसंग भाषा न कळताही हसवतो.

दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिचचा 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (१९४०, ९९ मिनिटं) मला त्याहून सरस वाटतो. जेम्स स्टुअर्ट आणि मार्गारेट सुलावन एकाच दुकानात भांडतात आणि नकळत एकमेकांनाच प्रेमपत्रं लिहितात. मात्र मध्यावर दुकानमालक आत्महत्येचा प्रयत्न करतो, ते पाहुण्यांना आधी सांगा. दोन्हींत संवाद झरझर, सबटायटल हवीतच.

सूरपेटी: संगीत वीस मिनिटांच्या वर नको, नाहीतर चित्रपटाआधीच मंडळी पेंगतील. सुरुवात संगीतकार लेरॉय अँडरसनच्या 'स्ले राइड'ने (बर्फावरच्या घोडागाडीतली सफर) करा, जेमतेम तीन मिनिटं. चाल सुचली १९४६च्या कडक उन्हाळ्यात. बोस्टन पॉप्स या वाद्यवृंदाने पहिल्यांदा वाजवली मे १९४८मध्ये. शब्द मिचेल पॅरिशने नंतर, १९५०मध्ये लिहिले, त्यामुळे वाद्यवृंदाचंच ध्वनिमुद्रण शोधा. त्यात ऐकू येणाऱ्या घोड्याच्या टापा म्हणजे टेंपल ब्लॉक (पोकळ लाकडी ठोकळे), चाबूक म्हणजे बिजागरीच्या दोन फळ्या, आणि शेवटचं खिंकाळणं चक्क ट्रंपेटचं: वादक ट्रंपेटच्या कळा (व्हॉल्व्ह) अर्धवट दाबून सूर घसरवतो. हे आधी सांगितलंत तर सगळे कान टवकारून ऐकतील. मग बिंग क्रॉस्बीच्या आवाजात अर्विंग बर्लिनचं 'व्हाइट ख्रिसमस', शेवटी व्हिन्स ग्वारल्डीच्या जॅझ त्रयीचं १९६५चं काहीही. पुरे.

काळापांढरा: टीव्हीची सेटिंग आदल्या दिवशीच बघा. या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौकोनी, १.३७:१. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. 'स्ट्रेच'वर चेहरे फुगतात, 'झूम'वर कपाळं कापली जातात. मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे सफाईदार करणारी टीव्हीची सोय) बंद करा, नाहीतर मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. आवाज मूळचा मोनो, म्हणजे एकपदरी. साउंडबारचा सराउंड इफेक्ट संवाद पसरट करतो, म्हणून स्टँडर्ड किंवा व्हॉइस मोड. हे चित्रपट मूळचे कृष्णधवल; नंतर रंगवलेली प्रत हाती आली तर टीव्हीचा कलर शून्यावर आणा.

अंगतपंगत: स्टॅनविक पक्की. डीव्हीडी कुठून मिळेल?

काळापांढरा: गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात. पण नोव्हेंबरातच होल्ड लावा (आगाऊ मागणी नोंदवा), डिसेंबरात नाताळाच्या चित्रपटांना रांग असते. आणि आणल्याबरोबर पूर्ण चालवून बघा. ओरखडे असले तर बहुधा मध्येच कुठेतरी अडकते.