मदत हवी आहे: फोर्ड मॉडेल ए, पण मागचा भाग सागवानी होडीचा. ही बॉडी कुठली आणि कधीची? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पत्राकाम

गाडी मिरजेजवळ एका शेडमध्ये उघडून ठेवली आहे. मालकांना दोन गोष्टी ठरवायच्या आहेत. ही बॉडी ठेवायची की उतरवून कंपनीसारखी टूरर (चार-पाच आसनांची उघडी) बॉडी बांधायची, आणि व्हिंटेज नोंदणीचा अर्ज करायचा का. बॉडीचा उगम कळेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, एवढं कबूल करून घेतलं आहे.

जे मोजलं ते असं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 103½ इंच (2629 मिमी), पुढे-मागे आडवे पाटे, चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 3⅞ इंच, रिम 19 इंची, स्टिअरिंग उजवीकडे. इंजिन नंबरच्या आधी सीए ही अक्षरं. पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या पुढे काउलमध्येच (बोनेट आणि काच यांच्यामधला पत्र्याचा भाग) आहे. म्हणजे काउलपर्यंत गाडी मॉडेल ए, याबद्दल शंका नाही.

कोडं तिथून मागे सुरू होतं. दोनच आसनं, दार फक्त डावीकडे, मधोमध कोन केलेली दोन तुकड्यांची काच आणि मागे निमुळती होत गेलेली शेपटी. शेपटीला दोन्ही बाजूंनी सागवानाच्या सात-सात फळ्या, जाडी 3/8 इंच. फळ्या तांब्याच्या रिव्हेटने, आतून तांब्याचंच वायसर घालून ठोकल्या आहेत. फळ्यांच्या खालच्या कडेला 18 गेजचा पत्रा. बॉडी बांधणाऱ्याच्या नावाची पट्टी कुठेही नाही. घरात ‘फ्रान्सहून आणलेली गाडी’ असं सांगतात. आरसी बुकात बॉडीपुढे फक्त ‘ओपन’ लिहिलं आहे.

उजवं_स्टिअरिंग

सीए म्हणजे कॅनडात बनलेलं इंजिन. फोर्डची भारतातली कंपनी 1926 मध्ये कॅनडाच्या फोर्डच्या हाताखाली सुरू झाली आणि इकडचा माल तिकडूनच येई. त्यामुळे चासी (बॉडीखालचा लोखंडी सांगाडा) फ्रान्समार्गे आली असण्याची शक्यता अगदी कमी. इंटरनेटवर महिनावार इंजिन नंबरांचा जो तक्ता फिरतो तो अमेरिकन गाड्यांचा आहे. सीएचे क्रम वेगळे चालतात, तो तक्ता लावलात तर साल चुकेल.

शिवाय या गाड्यांची इंजिनं सर्रास बदलली जात. ब्लॉकला पेट्रोल पंप बसवायची जागा दिसली तर ते 1932 च्या मॉडेल बीचं इंजिन समजा. मॉडेल एमध्ये पेट्रोल टाकीतून उतारानेच येतं, पंप नसतो. 19 इंची रिम 1930-31 च्या, आधीच्या दोन वर्षांच्या 21 इंची, पण चाकं बदलणं दहा मिनिटांचं काम, त्यावर वजन टाकू नका.

खरा पुरावा चासीवरचा नंबर. तो चासीच्या लांब लोखंडी पट्टीच्या वरच्या अंगाला, काउलच्या आसपास, बॉडीखाली दडलेला असतो. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत दोन्ही पट्ट्या तपासा. बॉडीचे बोल्ट सैल करून दोन इंच उचलली तरी दिसेल. तिथे ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग अजिबात नको. ठसे उथळ असतात, एका फेरीत जातात. पेंट रिमूव्हर लावा, पितळी ब्रशने घासा, आणि आरटीओसाठी घेतो तसा कागदावर पेन्सिल प्रिंट घ्या. अर्धवट आकडे कुणी ‘ठळक’ करून देतो म्हणाला तर नको म्हणा, नंतर तो नंबर बनावट ठरतो.

रंधा

फ्रान्सची गोष्ट कुठून आली असेल याचा अंदाज आहे. पॅरिसचे बॉडी बांधणारे लाबुर्देत यांनी 1912 मध्ये पानार-लव्हासॉर या फ्रेंच कंपनीच्या चासीवर होडीसारखी लाकडी बॉडी बांधली. तिथून ‘स्किफ’ हा प्रकार गाजला आणि जगभर नक्कल झाली. तुमच्या गाडीचा आकार त्या वळणाचा आहे, पण आकारावरून गाव ठरत नाही. लाकूड जास्त बोलतं. विलायती बॉडीचा आतला सांगाडा बहुधा ॲश या तिकडच्या लाकडाचा असतो. आतल्या बरगड्याही सागवानी असतील तर काम इकडचं. आणि तांब्याचं वायसर घालून रिव्हेट ठोकणं हे होडी बांधणाऱ्याचं तंत्र आहे, गाडीच्या सुताराचं नाही.

आता सांधे बघा. आतला, कधीच न उघडलेला एक सांधा निवडा आणि गोंदाची नखाएवढी कपची काढा. गरम पाण्यात टाका. विरघळून चिकट झाली आणि वास आला तर सरस (जनावरांच्या हाडा-कातड्याचा जुना गोंद). पांढरी होऊन रबरासारखी मऊ पडली तर पांढरा सिंथेटिक गोंद. फेविकॉल 1959 मध्ये आला, त्यामुळे मूळ सांध्यात पांढरा गोंद सापडला तर बॉडी बहुधा त्यानंतरची. उलट मात्र धरू नका. सरस नंतरही अनेक वर्षं वापरात होता, म्हणून सरस सापडला तर एवढंच कळतं की जुनी असू शकते. तीन ठिकाणी तपासा, कारण एखादी दुरुस्ती तुम्हाला चकवेल.

मॅग्नेटो

लाकडाआधी बोल्ट. बॉडी आणि चासी जोडणारे बोल्ट काढून आट्यांचा गेज लावा. लहान मापांत फसाल: 5/16 ला अमेरिकन जाड आटा आणि व्हिटवर्थ (ब्रिटिश जाड आटा) दोन्ही इंचाला 18, आणि 3/8 ला दोन्ही 16. फरक अर्ध्या इंचाला पडतो, व्हिटवर्थ 12 आणि अमेरिकन 13. बारीक आट्यात फरक सगळीकडे आहे, 3/8 ला ब्रिटिश 20, अमेरिकन 24. चासीत फोर्डचे अमेरिकन आणि बॉडीत व्हिटवर्थ सापडले, तर बॉडी ब्रिटिश मालाच्या बाजारपेठेत बांधली गेली. मिलिमीटरचे निघाले तर एकतर काम फ्रान्सकडचं, नाहीतर हात खूप उशिरा लागलाय. स्क्रूचं डोकंही बघा. चौफुलीचा स्क्रू मोटारींत 1936 च्या सुमारास आला, त्याआधीच्या बॉडीत तो मूळचा असू शकत नाही.

मग सर्वांत महत्त्वाचं. फोर्डच्या चासीवर कंपनीच्या बॉडीसाठी भोकं आणि ब्रॅकेट असतात. तुमच्या बॉडीने न वापरलेली भोकं शोधा. त्यांच्याभोवती वायसरचा गोल ठसा, दबलेला रंग किंवा बॉडीखाली घालतात त्या कापडी पट्टीची सावली दिसली, तर या चासीवर आधी दुसरी बॉडी बसलेली होती. भोकांच्या कडा कोऱ्या असतील तर नुसती चासी विकत घेऊन ही बॉडी पहिल्यांदाच बांधलेली असू शकते. नुसती चासीही तेव्हा मिळे.

शेवटी रंग. काउलवर एक आणि शेपटीच्या पत्र्यावर एक, रुपयाएवढी जागा 400 आणि मग 600 च्या वॉटर पेपरने पाणी लावून उतरती (मध्ये खोल, कडेला उथळ) घासा. थर वर्तुळांसारखे दिसतील, ते मोजा. काउलवर तळाशी असे थर असतील जे शेपटीवर नाहीत, तर शेपटी नंतरची. थिनरचा बोळा लावून थर विरघळला तर सेल्युलोज, सुरकुतला तर इनॅमल.

पत्राकाम

सगळं केलं. चासी नंबर डाव्या पट्टीवर मिळाला, तोही सीए, आणि इंजिन नंबराशी जुळतो. पंपाची जागा नाही. बॉडीचे अर्ध्या इंची बोल्ट 12 आट्यांचे, चौफुलीचा एकही स्क्रू नाही. तिन्ही सांध्यांत सरस. बरगड्या सागवानी.

न वापरलेल्या सहा भोकांपैकी चारांभोवती वायसरचे ठसे आहेत. रंगाचे थर काउलवर पाच, शेपटीच्या पत्र्यावर तीन. काउलच्या तळाचे दोन थर सेल्युलोज, ते शेपटीवर नाहीत.

अजून एक. बरगड्यांच्या मागच्या अंगाला पेन्सिलीने 1 ते 7 आकडे लिहिले आहेत. पाच हा आकडा शिरोरेघेविना प काढावा तसा आहे.

रंधा

तो गुजराती पाच आहे. बरगड्या जमिनीवर कापून क्रमाने चढवताना मिस्त्री असे आकडे घालतात. फ्रान्स सोडा, इंग्लंडही सोडा. बॉडी इकडेच, गुजराती लिहिणाऱ्या हाताने बांधली.

मॅग्नेटो

चित्र स्पष्ट आहे. गाडी आधी फोर्डच्याच बॉडीत फिरली, दोनदा रंगली, मग बॉडी बदलली. किती वर्षांनी ते थरांवरून सांगता येत नाही, त्यामुळे अर्जात साल लिहू नका.

उजवं_स्टिअरिंग

नोंदणीबद्दल. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज धरतात. पण ती मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको अशी अट आहे. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरणाला 5,000. आरसी आधीच असेल तर जुना नंबर ठेवता येतो. तुमची अडचण ‘मूळ रूप’ या शब्दात आहे. बॉडी बदलल्याचं लपवू नका, कारण समिती पाहणी करते आणि चासीवरची रिकामी भोकं तिलाही दिसतील. पेन्सिल प्रिंट, थरांचे फोटो, आट्यांची मापं आणि ‘ओपन’ लिहिलेलं आरसी बुक एकत्र जोडा. आरसीवरची जुनी नोंद आताच्या बॉडीशी जुळते, हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा.

टूरर बॉडी मात्र बांधू नका. आज बांधलेली नवी बॉडी ‘मूळ’ कधीच ठरणार नाही, आणि ही उतरवली की एवढा पुरावा चासीपासून सुटेल. काढावीच लागली तर प्रत्येक रिव्हेट कापण्याआधी बरगडीचा आकडा आणि फळीची जागा यांचा फोटो घ्या.

पत्राकाम

मालकांना दाखवलं. बॉडी राहणार. डावीकडची खालून दुसरी फळी कुजली आहे, तेवढीच बदलायची. 3/8 इंची जुनं सागवान आणि तांब्याचे रिव्हेट-वायसर कोकणात कुणाकडे मिळतील ते सांगा.