अंपायर्स कॉल काढून काय साधणार?

'चेंडू स्टंपला नुसता घासला तरी आउट द्या, अंपायर्स कॉल हवाच कशाला' हे काही पटलं नाही. (अंपायर्स कॉल म्हणजे रिव्ह्यूत मामला निसटता असेल तर मैदानावरच्या पंचाचाच निर्णय कायम.) पायचीतच्या रिव्ह्यूत चेंडूचा पॅडला लागल्यानंतरचा जो मार्ग पडद्यावर दिसतो, तो प्रत्यक्षात घडलेलाच नसतो. तो अंदाज आहे, चांगला असला तरी अंदाजच. म्हणून नाबादचा बाद करायला किमान अर्धा चेंडू स्टंपवर आदळताना दिसावा लागतो. शिवाय २०१७ पासून अंपायर्स कॉल आला तर संघाच्या मोजक्या रिव्ह्यूंपैकी तो रिव्ह्यू शाबूत राहतो. मग तक्रार कसली?

खरी मेख रिव्ह्यू कधी घ्यायचा हे ठरवणाऱ्या कप्तानाच्या डोक्यात असते. २०१९ची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया हेडिंग्ली कसोटी आठवा. इंग्लंडला दोन धावा हव्यात, ऑस्ट्रेलियाच्या लायनचा चेंडू इंग्लंडच्या स्टोक्सच्या पॅडवर, निर्णय नाबाद. रिप्लेत सरळ स्टंपवर! पण ऑस्ट्रेलियाचा शेवटचा रिव्ह्यू आदल्याच षटकात स्टोक्सचा जोडीदार लीचविरुद्ध, लेगस्टंपबाहेर टप्पा पडलेल्या (म्हणजे पायचीत होऊच न शकणाऱ्या) चेंडूवर उधळून झाला होता. (लायनचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.)

आपणही २००८मध्ये श्रीलंकेत रिव्ह्यूंमध्ये असेच पोळलो आणि कितीतरी वर्षं बॉल ट्रॅकिंगवर, म्हणजे चेंडूचा मार्ग दाखवणाऱ्या या तंत्रावर, रुसून बसलो. राजकोटला इंग्लंडविरुद्ध २०१६मध्ये कुठे रुसवा निघाला.