कंपोस्टच्या बादलीत अळ्याच अळ्या, वासही येतोय, बंद करू का?

गॅलरीतली_मेथी:
नमस्कार मंडळी, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, गॅलरी पूर्वेकडची आहे. जानेवारीपासून ओल्या कचऱ्याचं खत करतेय, रंगाच्या २० लिटरच्या दोन बादल्यांना बाजूने भोकं पाडून. उन्हाळाभर काही त्रास नव्हता पण पाऊस सुरू झाला आणि सगळं बिघडलं, कचरा चिकट काळा झालाय, नासक्या अंड्यासारखा वास येतो आणि आत बोटाच्या पेराएवढ्या मळकट अळ्या नुसत्या वळवळतायत. काल सकाळी त्यातल्या चार-पाच बाहेर पडून खालच्या काकूंच्या गॅलरीत गेल्या, त्या वर येऊन बरंच बोलल्या, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. सासूबाई म्हणतात पुरे झालं आता, घंटागाडीत टाकून मोकळी हो. मला बंद करायचं नाहीये हो, याच खतावर मिरच्या आणि पालक काय छान आलाय! साली, चहाचा चोथा, उरलेला आमटी-भात सगळं त्यातच जातं. अळ्या मारायला फिनेल टाकलं तर चालेल का?

रानजाई:
फिनेल अजिबात नको!! अळ्यांबरोबर खत करणारे जीवाणूही मरतील आणि तेच मग मिरचीच्या मुळाशी जाणार. आमटी-भात आजपासून बंद करा, बाकीचं कोणीतरी नीट सांगेलच.

कुंडीतला_कढीपत्ता:
ताई घाबरू नका, वर्णनावरून या काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या वाटतायत. चपट्या, मळकट, अंगावर आडव्या रेघा असतील तर त्याच. चावत नाहीत, आणि पूर्ण वाढ झालेली माशीही घरमाशीसारखी जेवणावर येऊन बसत नाही. उलट ओला कचरा त्या भराभर संपवतात. कोषात जायची वेळ आली की रंग गडद होतो आणि कोरडी जागा शोधत त्या बादलीच्या कडेने वर चढतात, काकूंकडे पोचल्या त्या अशाच. तोंडाला जुन्या सुती ओढणीचा तुकडा ताणून बांधा, भोकांवर बारीक जाळी लावा, बाहेर पडणं थांबेल आणि माशीला आत अंडी घालायलाही जागा राहणार नाही.

पण खरा घोटाळा ओलीचा आहे. वास येतो म्हणजे आत हवा खेळत नाहीये. सालींत नायट्रोजन जास्त, सुक्या पाल्यात कार्बन जास्त, आणि खत नीट व्हायला सगळ्या मिश्रणात मिळून कार्बन नायट्रोजनच्या साधारण २५ ते ३० पट लागतो. रोज वजनकाट्यावर मोजत बसायचं नाही, एक वाटी साली टाकल्या की वरून दोन-तीन वाट्या चुरलेला पाला, बस्स. उन्हाळ्यात हवाच कोरडी होती म्हणून पाल्याशिवाय निभावलं. आत्ता सगळं जुन्या पेपरवर उपसा, पाला मिसळून परत भरा, तळालाही भोकं पाडा आणि बादली दोन विटांवर ठेवा. मग मूठभर घेऊन पिळून बघा, एखाददुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर अजून सुकं घाला. मी आंबट ताकाचा हलका शिपकाही मारते, पण तुमचं आधीच ओलं आहे तेव्हा आत्ता नको. आणि खाली साठलेलं वासाचं काळं पाणी कुंड्यांना घालू नका, मुळं कुजतात.

गॅलरीतली_मेथी:
किती धीर आला सांगू! रेघा आहेत, आत्ताच बघून आले. पण पावसात सुका पाला आणू कुठून? आमच्या आवारात दोन मोठी झाडं आहेत, फेब्रुवारी-मार्चमध्ये ढीग पडतो आणि झाडणारे मामा तो कोपऱ्यात पेटवून देतात, तेव्हा कळलं असतं तर दोन पोती भरून ठेवली असती.

पाचोळा_जमवणारा:
हे वाचलं की फार वाईट वाटतं. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली आहे, साध्या जाळण्याला ५००० रुपये दंड. मामांवर चिडू नका, त्यांना जागा साफ करायला सांगितलेली असते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पोती ठेवायला एक कोपरा मागा. पुण्यातच 'ब्राउन लीफ' नावाचा उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पाला जास्त झालाय आणि ज्यांना हवाय त्यांची गाठ घालून देतात, तिथे विचारून बघा, कोणाकडे तरी कोरडी पोती असतातच. तोवर पुठ्ठ्याचे खोके फाडून घाला (चकचकीत छपाईचे नको, चिकटपट्टी काढून), नारळाच्या शेंड्या तोडून घाला. सुताराकडचा भुसा चालतो पण साध्या लाकडाचा, प्लायचा नको, त्यात गोंद असतो. रसवंती चालू असेल तर उसाचं चिपाड मागा, वाळवून तुकडे केले की पाल्याइतकंच उपयोगी.

मुंबईची_गच्ची:
अजून एक, हाच पाला कुंडीतही भरा. ओल्या मातीची एक घनफूट कुंडी सहज ४५-५० किलो होते, गॅलरीच्या स्लॅबवर ओळीने मांडताना याचा विचार करायलाच हवा. मी निम्म्यापेक्षा जास्त पाला आणि चिपाड, मग खत, आणि वर जेमतेम तीन बोटं माती असं भरते, कुंडी एका हाताने सरकवता येते. पाला खाली बसत जातो तसं वरून भरत राहायचं. इथे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यावर फळझाडं-भाज्या वाढवल्या होत्या, त्याबद्दल कळल्यावर मी माझ्या गच्चीवर सुरुवात केली. पालकाला हे फार मानवतं. मिरचीच्या पानांखाली मात्र नजर ठेवा, पावसाळी हवेत मावा ही कीड पटकन येते, लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, फवारणी संध्याकाळी ऊन उतरल्यावर.

गॅलरीतली_मेथी:
आठवडा झाला, सांगायला आले. शेजारच्या किराणा दुकानातून सहा खोके आणले, मुलीने बसून फाडले, सगळं उपसून परत भरलं, ओढणी बांधली. वास तिसऱ्या दिवशी गेला, आता पावसात भिजलेल्या मातीसारखा येतो. अळ्या आत आहेत अजून पण बाहेर एकही नाही. काकूंकडे पालकाची जुडी घेऊन गेले आणि त्यांना वर बोलावून बादली दाखवली, त्यांनी वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, माझी कुंडीतली तुळस सारखी जळते, तिला घालशील का यातलं थोडं? खत अजून महिनाभर तरी तयार होणार नाही, पण पहिलं घमेलं त्यांच्या तुळशीला.