जुन्या भाषेची सवय नव्या भाषेत कुठे नडली? (अनुभव धागा)

ठाण्यापासून ऐरोली, महापे, खारघरपर्यंत नवी प्रोग्रामिंग भाषा शिकणारे पुष्कळ जण आहेत, आणि त्यांतील अनेकांची पाटी कोरी नसते. एक भाषा हाताखालून गेलेली असते आणि दुसरीत ते नवशिके असतात. कोणती भाषा श्रेष्ठ, हा वाद येथे नको. जुन्या भाषेतील कोणते गृहीतक नव्या भाषेत नडले, विशेषतः प्रोग्राम एकही एरर न देता चुकीचे उत्तर कसे देत राहिला आणि ते कसे ध्यानात आले, एवढे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

नौपाडा, ठाणे (सीकडून पायथनकडे)

महाविद्यालयात मी सी शिकले आणि ऐरोलीतील पहिल्या नोकरीत पायथनवर आले. चार दिवसांत सिंटॅक्स (लिहिण्याचे नियम) जमला, म्हणून भाषाच जमली असे मी धरून चालले. विक्रीच्या आकड्यांची लिस्ट साफ करण्यापूर्वी मूळ नोंदी राखाव्यात म्हणून मी ‘जुनी = आकडे’ अशी ओळ लिहिली आणि मग ‘आकडे’मधून निरुपयोगी नोंदी काढल्या. सीमध्ये एक स्ट्रक्चर (एकत्र बांधलेल्या मूल्यांचा गट) दुसऱ्याला दिले की त्याची प्रत होते, त्यामुळे ‘जुनी’ सुरक्षित आहे याविषयी मला शंकाच आली नाही. पायथनमध्ये मात्र त्या ओळीने प्रत होत नाही, त्याच लिस्टला आणखी एक नाव मिळते. अहवालात साफसफाईच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची संख्या नेहमी सारखीच येई, आणि आपली माहिती मुळातच स्वच्छ आहे असे समजून आम्ही दोन आठवडे समाधानी राहिलो.

महापे (कोबोलकडून जावाकडे)

मी २४ वर्षे कोबोलमध्ये काम केले आणि वयाच्या ५२व्या वर्षी जावा शिकायला बसलो. कोबोलची आखणी १९५९ मध्ये व्यापारी व्यवहारांसाठीच सुरू झाली, त्यामुळे रकमेची जागा घोषित करतानाच दशांशचिन्हापुढे किती अंक ठेवायचे हे तिच्यात सांगता येते आणि पैशांचा हिशेब कागदावरच्यासारखाच राहतो. जावामध्ये मी रकमेसाठी डबल हा अपूर्णांकी संख्यांचा प्रकार घेतला, कारण पुस्तकातील पहिल्या उदाहरणात तोच होता. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी छापून आली तेव्हा मला संगणकच बिघडल्यासारखे वाटले. डबल संख्या द्विमान अपूर्णांकात साठवतो, आणि दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा संपत नाही तसा द्विमान पद्धतीत एक दशांश संपत नाही, हे समजायला मला एक संध्याकाळ लागली.

त्यानंतर मी बिगडेसिमलकडे, म्हणजे संख्या दशमान पद्धतीतच साठवणाऱ्या जावाच्या प्रकाराकडे वळलो, आणि तेथे आणखी दोनदा ठेचकाळलो. ०.१ ही संख्या त्याला डबल म्हणून दिली तर आधीची चूक तशीच आत शिरते, म्हणून ती अवतरणचिन्हांत, स्ट्रिंग (अक्षरांचा मजकूर) म्हणून द्यावी लागते. शिवाय २.० आणि २.०० ही मूल्ये ‘इक्वल्स’ने तपासली तर ती वेगळी ठरतात, रक्कम समान आहे का हे पाहायचे असेल तर ‘कम्पेअर-टू’ वापरावे लागते. जमा आणि नावे यांची बेरीज जुळूनही माझी पडताळणी नापास होत होती, ती याच कारणाने. पैशांचे काम करणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगायला हव्यात, असे माझे ठाम मत आहे.

नेरूळ (जावाकडून जावास्क्रिप्टकडे)

९ वर्षांच्या खंडानंतर पुन्हा कामाला लागताना, नावांतील साम्यामुळे ही भाषा मला ओळखीची वाटली. प्रत्यक्षात दोन्ही भाषा वेगळ्या आहेत. सरावासाठी मी आमच्या सोसायटीतील सदनिका क्रमाने लावल्या. नऊ मजली इमारतीची यादी अचूक आली. १२ मजली इमारतीत मात्र १००१ हा क्रमांक १०१च्या आधी येऊन बसला. तुलनेचा नियम आपण दिला नाही, तर तेथील ‘सॉर्ट’ आकड्यांनाही अक्षरांप्रमाणे लावते.

कळवा (पायथनकडून जावाकडे)

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन स्ट्रिंग समान आहेत का हे मी पायथनप्रमाणे दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासत असे. जावामध्ये ही चिन्हे मजकूर नव्हे, तर दोन्हीकडे एकच वस्तू आहे का ते पाहतात. प्रोग्राममध्येच लिहिलेले शब्द तपासले की उत्तर बरोबर येई, कारण सारख्या लिखित स्ट्रिंगसाठी जावा एकच वस्तू वापरते. कीबोर्डवरून तोच शब्द घेतला की उत्तर ‘नाही’ असे येई. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री मजकुराची तुलना करणारे ‘इक्वल्स’ सापडले.

घणसोली (पायथनकडून रस्टकडे)

नौपाड्याच्या ताईंची ओळ वाचून लिहीत आहे. रस्टमध्ये ‘जुनी = आकडे’ हीच ओळ व्हेक्टरसाठी (रस्टमधील लिस्टसाठी) लिहिली तर प्रतही होत नाही आणि दुसरे नावही मिळत नाही; यादीची मालकीच (ती वापरण्याचा हक्क) ‘जुनी’कडे जाते, आणि त्यानंतर ‘आकडे’ वापरायला गेल्यास कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम तपासून चालवण्याजोगा करणारे साधन) ती ओळ दाखवून प्रोग्राम घडवायलाच नकार देतो. म्हणजे एकाच बरोबरच्या चिन्हाचे सी, पायथन आणि रस्ट या तीन भाषांत तीन अर्थ झाले. पहिले तीन आठवडे मी प्रत्येक नकारावर ‘क्लोन’ (पूर्ण प्रत काढण्याची आज्ञा) लिहून सुटका करून घेतली, आणि त्यामुळे मोठ्या फाइलवर माझा प्रोग्राम फार संथ झाला. असे ११ ‘क्लोन’ होते. रोज ठाण्याहून परतताना मी एकेक तपासतो. सात काढता आले, दोन खरोखर आवश्यक आहेत, आणि उरलेले दोन का लागतात हे अजून शोधतो आहे.