चारशे पानांच्या पुस्तकातले विकतचे फॉन्ट काढून मोफत फॉन्ट बसवायचे आहेत: सल्ला हवा

हलशीचे_मास्तर
नमस्कार मंडळी. मी निवृत्त शिक्षक असून खानापूर तालुक्यातील गावांच्या इतिहासावर गेली अकरा वर्षे लिहीत आहे. पुस्तक आता ४१२ पानांचे झाले आहे आणि ते सगळे वर्डच्या एकाच फाइलमध्ये आहे. मजकूर मुख्यतः मंगल फॉन्टमध्ये आहे, पण मधली तीन प्रकरणे भाच्याने टंकित केली, ती कोकिळा फॉन्टमध्ये आहेत. इंग्रजी संदर्भ आणि सूची कॅम्ब्रिया व कॅलिब्रीमध्ये आहेत. हलशीच्या कदंबांवरील प्रकरणात कन्नड लिपीतील उतारे आहेत, ते निर्मला यूआयमध्ये दिसत असत. शेवटचे २३ पानी परिशिष्ट मात्र फार जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे सगळ्या संगणकांची अक्षर-संकेतपद्धत एक होण्याआधीच्या) फॉन्टमध्ये आहे.

जुना संगणक बंद पडला. मुलीने दिलेल्या नव्या संगणकावर लिनक्स आणि लिबरऑफिस आहे. त्यावर फाइल उघडली, तर ४१२ पानांची ४४७ पाने झाली, सूचीतील पानांचे आकडे चुकले आणि परिशिष्ट वाचताच येईना. जुन्या संगणकातील फॉन्ट उचलून नव्यावर टाकणे परवान्याला धरून नाही, असे मुलगी म्हणते. म्हणून सगळे फॉन्ट मोफत आणि मुक्त परवान्याचे करावे असे ठरवले आहे. कोणते फॉन्ट घ्यावेत आणि मोडतोड न होता ते सगळ्या पुस्तकाला कसे लावावेत? खर्चाची मर्यादा पाचशे रुपये आहे, तीही नमुन्याची पाने छापून पाहण्यासाठी.

खडेबाजार_डीटीपी
मास्तर, मी बेळगावात बावीस वर्षे मजकूर जुळवणीचे काम करतो. मोफत फॉन्टवर पुस्तक काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेची स्मरणिका मी त्यांच्या आग्रहाखातर फुकटच्या फॉन्टमध्ये केली, आणि ‘कार्यकारिणी’तला रफार प्रत्येक ठिकाणी पुढच्या अक्षरावर जाऊन बसला. छपाई झाल्यावर ते अध्यक्षांच्या लक्षात आले आणि माझे निम्मे पैसे आजतागायत आलेले नाहीत. पंधरा-सोळा हजारांत चांगले परवान्याचे पॅकेज मिळते. ते घ्या, नाहीतर फाइल माझ्याकडे द्या, मी पानामागे योग्य तो दर लावीन.

हलशीचे_मास्तर
आपल्या अनुभवाबद्दल आभार. मर्यादा पाचशे रुपयांची आहे, हे नम्रपणे पुन्हा नमूद करतो.

तिरपे_अक्षर
प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिथे बहुतेकांची फसगत होते. लिबरऑफिसच्या टूल्स, ऑप्शन्स, फॉन्ट्स येथे फॉन्ट बदलाचा तक्ता आहे. त्यात ‘मंगलऐवजी अमुक’ असे लिहिले की पडद्यावर आणि छपाईत नवा फॉन्ट दिसतो, पण फाइलच्या आत नाव मंगलच राहते. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की पुन्हा पहिलाच गोंधळ होतो. तुम्हांला आतले नाव बदलायचे आहे, म्हणून हा तक्ता तुमच्या कामाचा नाही.

इंग्रजीचे काम सोपे आहे. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या जागी कॅलाडिया घ्या. या जोड्यांत प्रत्येक अक्षराची रुंदी मूळ फॉन्टइतकीच ठेवलेली आहे, त्यामुळे ओळ जिथे तुटत होती तिथेच तुटते. टाइम्स न्यू रोमन आणि एरियल यांच्यासाठी लिबरेशन सेरिफ आणि लिबरेशन सॅन्स आहेत. मंगलला अशी मापात बसणारी मुक्त जोडी मला आढळलेली नाही. त्यामुळे मराठी पानांची संख्या बदलणारच, हे गृहीत धरूनच सुरुवात करा आणि सूचीचे काम सर्वांत शेवटी ठेवा.

आणखी एक खूण सांगतो. मजकुरावर कर्सर ठेवल्यावर वरच्या चौकटीत फॉन्टचे नाव तिरप्या अक्षरांत दिसले, तर तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नाही आणि जे दिसते आहे ती उसनवारी आहे.

निपाणीकर_जुने
फॉन्ट निवडताना ल आणि श कडे पाहा. मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श लिहिला जातो. हिंदी वळणाचे ल आणि श असलेले पुस्तक मी हातात घेत नाही. महाराष्ट्र शासनाच्या २०२२ च्या शासन निर्णयातही हेच सांगितले आहे. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट खास मराठी वळणाचा आहे, हिंदी आणि संस्कृतसाठी त्याचे वेगळे भाऊ आहेत. मी माझ्या वडिलांच्या आठवणी त्यातच छापल्या आणि सगळ्यांनी अक्षराचे कौतुक केले.

शहापूरचा_विणकर
महाराष्ट्राचा शासन निर्णय बेळगाव जिल्ह्यात केव्हापासून लागू झाला? आपल्या ल ची पाकळी तरी सीमेपलीकडून मंजूर होऊन यायला नको.

निपाणीकर_जुने
निर्णय लागू नसला, तरी वळण आपलेच आहे. लहानपणी पाटीवर आम्ही तोच ल गिरवला आहे.

तिरपे_अक्षर
या वादात एक उपयोगाची गोष्ट दडलेली आहे. नोटो सॅन्स देवनागरीमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा कोणती नोंदवली आहे त्यावरून वळण ठरते. अनेकांच्या फाइलमध्ये देवनागरी मजकुराची भाषा हिंदी अशी नोंदलेली असते, म्हणून त्यांना हिंदी ल दिसतो आणि ते दोष फॉन्टला देतात. सगळा मजकूर निवडून भाषा मराठी करून पाहा.

मच्छे_कोडवाला
सर, हे हाताने करण्यात वेळ घालवू नका. वर्डची फाइल म्हणजे एक झिप गठडी असते. ती सोडली की आत मजकुराची, शैलींची आणि फॉन्टच्या यादीची वेगवेगळी एक्सएमएल पाने मिळतात. त्यांत मंगल शोधून नवे नाव घाला आणि पुन्हा झिप करा, दहा मिनिटांचे काम आहे. थीमची (म्हणजे फाइलच्या ठरलेल्या रंग-फॉन्टच्या संचाची) फाइल मात्र विसरू नका. तिथे देवनागरीसाठी मंगल असे आधीच लिहिलेले असते, त्यामुळे बाकी सगळीकडून काढलेला मंगल तिथून पुन्हा डोके वर काढतो. मी आमच्या कारखान्याची ६०० पानी नियमपुस्तिका अशीच बदलली.

खडेबाजार_डीटीपी
निवृत्त शिक्षकाला गठडी सोडायला सांगणारे सल्लागार पाहून धन्य झालो.

मलप्रभेकाठी
मास्तर, वरच्या कोणीच तुमच्या कन्नड उताऱ्यांकडे लक्ष दिलेले नाही, आणि आपल्या भागात नेमका तिथेच घात होतो. वर्ड आणि लिबरऑफिस या दोन्हींत फॉन्टसाठी वेगवेगळे कप्पे असतात, एक रोमन लिपीसाठी आणि एक जटिल लिप्यांसाठी. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या त्या एकाच जटिल कप्प्यात येतात. तुमचे उतारे निर्मला यूआयमध्ये ठीक दिसत होते, कारण त्या एका फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या आहेत. आता तुम्ही सगळा मजकूर निवडून टिरो किंवा मुक्ता (हाही मोफत देवनागरी फॉन्ट) लावलात, तर कन्नड शब्दांनाही तेच नाव चिकटते, आणि त्या फॉन्टमध्ये कन्नड अक्षरेच नसल्यामुळे संगणक गुपचूप दुसऱ्या कुठल्या तरी फॉन्टमधून ती आणून दाखवतो. पडद्यावर सगळे छान दिसते.

आमच्या गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची पुस्तिका आम्ही अशीच केली आणि छापखान्याला मूळ फाइल पाठवली. त्यांच्या संगणकावर तो आणलेला फॉन्ट नव्हता. देणगीदारांची कन्नड नावे ओळीने रिकाम्या चौकोनांत छापून आली. हजार प्रती होत्या. पंच मंडळींनी चौकोनांवर नावे पेनाने लिहून वाटली, आणि माझ्या मामांचे नाव त्यात दोनदा आले.

यावर उपाय असा, की कन्नड मजकुरासाठी ‘कन्नड उतारा’ नावाची वेगळी अक्षरशैली (फॉन्ट, आकार वगैरेंचा नाव दिलेला संच) तयार करावी, तिच्या जटिल कप्प्यात नोटो सॅन्स कन्नड किंवा लोहित कन्नड घालावा आणि प्रत्येक उतारा निवडून ती शैली लावावी. छापखान्याला फक्त पीडीएफ द्यावी, कारण तिच्यात फॉन्ट आतच भरलेले असतात. पीडीएफ वाचकात गुणधर्मांखाली फॉन्टची यादी दिसते. तुम्ही न निवडलेले एखादे नाव त्या यादीत आढळले, तर कुठेतरी उसनवारी राहिली आहे असे समजा.

अथणी_ग्रंथालय
इतका खटाटोप कशाला हवा? सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा सकल भारती फॉन्ट घ्या. एकाच फॉन्टमध्ये देवनागरीही आहे आणि कन्नडही आहे. आम्ही ग्रंथालयाची द्विभाषिक यादी त्यातच केली. ठळक अक्षर वेगळे मिळाले नाही, म्हणून मथळे जरा फुगल्यासारखे दिसतात एवढेच. इंग्रजीसाठी कार्लिटो घ्या, तो कॅलिब्रीच्या मापाचा आहे.

तिरपे_अक्षर
कार्लिटोचे वर सांगून झाले आहे.

अथणी_ग्रंथालय
चांगली गोष्ट दोनदा सांगितल्याने बिघडत नाही.

संस्कृत_प्रेमी
इतिहासाच्या पुस्तकाला शोभिका घ्या. आयआयटी मुंबईतून आलेला मुक्त फॉन्ट आहे, ठळक अक्षरही आहे, आणि ताम्रपटातील दुर्मीळ जोडाक्षरे त्यात मोडत नाहीत. रोमन लिप्यंतरात अक्षरांवर आणि अक्षरांखाली दिली जाणारी चिन्हेही त्याच फॉन्टमध्ये मिळतात. याला पर्याय नाही.

हलशीचे_मास्तर
सर्वांचे मनापासून आभार. गठडी सोडण्याचा प्रयोग मी एका प्रतीवर केला, पण नंतर फाइल उघडलीच नाही, तेव्हा तो मार्ग सोडला. त्यानंतर सगळा मजकूर निवडून थेट स्वरूपण (शैलीविना, हाताने दिलेले फॉन्ट, ठळकपणा वगैरे) पुसण्याची आज्ञा दिली. मंगल गेला, पण त्याबरोबर ग्रंथनामांचा तिरपेपणा आणि शिलालेखांतील ठळक शब्दही पुसले गेले. सुदैवाने मूळ प्रत वेगळी ठेवली होती. शिवाय कोकिळातील तीन प्रकरणे आता अवाढव्य दिसत आहेत आणि तळटीपांतील वेलांट्यांचा वरचा भाग कापला जातो. हे कशामुळे होते?

तिरपे_अक्षर
कोकिळा हा मुळातच बारीक दिसणारा फॉन्ट आहे, म्हणून तुमच्या भाच्याने शैलीतच आकार १८ ठेवला असणार. नवा फॉन्ट लावला तरी तो १८ तसाच राहिला. आकार शैलीतून ठरवा, ओळींवर थेट लावू नका. वेलांटी कापली जाते, कारण तळटीपांच्या ओळींतील अंतर ठराविक बिंदूंमध्ये (पॉइंटमध्ये) बांधलेले आहे. तिथे प्रमाणशीर अंतर निवडा. मंगलची ओळ स्वभावतः उंच असते, म्हणून पूर्वी कोणी तरी ती दाबण्यासाठी हे केले असावे.

मलप्रभेकाठी
तिरपे आणि ठळक शब्द वाचवायचे असतील, तर स्वरूपण पुसण्यापूर्वी शोधा-बदला चौकटीत फक्त ‘तिरपे’ हे स्वरूप शोधून, सापडलेले सगळे एकदम निवडून त्यांना ‘ग्रंथनाम’ अशी अक्षरशैली लावा. ठळकसाठीही तसेच करा. शैली लावलेली असली, की पुसण्याच्या आज्ञेत ती सहसा टिकते, तरी आधी एका प्रतीवर करून पाहा.

जुन्या परिशिष्टाला मात्र नुसता नवा फॉन्ट लावू नका. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले होते, त्यामुळे फॉन्ट बदलला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. आधी परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. नंतर ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द एकेक करून तपासा, कारण अर्धा र तिथे हमखास चुकतो, आणि ऱ्हस्व वेलांटी कधी कधी मागच्या अक्षराला चिकटते.

खडेबाजार_डीटीपी
परिवर्तक मीही वापरतो. पानामागे दहा चुका धरून चाला. मी अजूनही म्हणतो, की पॅकेज घेतले असते तर एव्हाना पुस्तक छापून झाले असते.

हलशीचे_मास्तर
(तीन आठवड्यांनंतर)
काम झाले, म्हणून काय केले ते कळवतो. तिरपे आणि ठळक शब्दांना आधी शैली लावल्या आणि मग एकेक प्रकरण घेऊन पुसणे, शैली देणे आणि वाचणे असे हातानेच केले. त्याला सतरा दिवस लागले. कन्नड उताऱ्यांना वेगळी अक्षरशैली देऊन नोटो सॅन्स कन्नड लावला. इंग्रजीसाठी कार्लिटो आणि कॅलाडिया घेतले. पीडीएफच्या यादीत सुरुवातीला मी न निवडलेले एक नाव दिसत होते, म्हणजे कुठेतरी मंगल राहून त्याच्या जागी उसना फॉन्ट येत होता. शोधता शोधता तो १६३ व्या पानावरील नकाशाच्या मजकूर-चौकटीत सापडला.

मराठीसाठी मी मुक्ता निवडला. टिरो, शोभिका आणि सकल भारती या तिन्हींचे एकेक पान छापून नंदगडच्या माझ्या थोरल्या बहिणीला दाखवले होते, सोबत मुक्ताचेही दिले होते. तिचे वय ८१ आहे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि या पुस्तकाचे वाचक बहुतांशी तिच्याच पिढीतले आहेत. तिने मुक्ताचे पान खिडकीशी नेऊन शेवटपर्यंत वाचले आणि बाकीची तीन मला परत दिली. छापील पानांचा खर्च ४० रुपये झाला. परिशिष्ट परिवर्तकातून न काढता पुन्हा टंकित केले. पत्नीने जुना कागद वाचून दाखवला आणि त्या वाचनात सनावळीच्या दोन चुका सापडल्या, ज्या कोणत्याही परिवर्तकाने जशाच्या तशा पुढे आणल्या असत्या.

पुस्तक आता ४०३ पानांचे झाले आहे.

संस्कृत_प्रेमी
मुक्तामध्ये ताम्रपट? आपली निवड आहे, अधिक काय बोलावे.

खडेबाजार_डीटीपी
मुक्ता मी दुकानांच्या पाट्यांना वापरतो, त्यामुळे माझे मत विचारू नका. मात्र ४०३ पाने तशीच छापखान्यात नेऊ नका. सोळा पानांचा एक फर्मा (एका कागदावर एकत्र छापली जाणारी पाने) धरला, तर पंचवीस फर्म्यांची ४०० पाने होतात, आणि उरलेल्या तीन पानांसाठी तुम्हांला आणखी कागद व प्लेटचा खर्च पडेल. तळटीपांचा आकार अर्ध्या बिंदूने कमी करून पाहा. प्रकरणांच्या अखेरीस दोन-तीन ओळींसाठी अडलेली पाने असतील, तीही आत ओढली जातील. याचे पैसे मी घेत नाही.

हलशीचे_मास्तर
तळटीपा १० वरून साडेनऊ केल्या. ३९९ पाने झाली. सूची आता नव्याने करायला घेतली आहे.